गिअर अडतोय? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी क्लचचं ऑइल बघा

रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतोय, पहिला गिअर पडायला जोर लावावा लागतोय असं कोणाला सांगितलं की समोरून एकच उत्तर येतं, क्लच प्लेट गेली. मग गिअरबॉक्स खाली, क्लच सेट नवा आणि बिल पाच आकडी. प्लेट खरंच गेलेली असते तेव्हा इलाज नाही, पण हायड्रॉलिक क्लचच्या, म्हणजे केबलऐवजी ऑइलच्या दाबाने क्लच चालणाऱ्या गाडीत बऱ्याचदा प्लेट ठणठणीत असते आणि बिघाड असतो पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या ऑइलच्या लाईनमधे. हे घरी पार्किंगमधे उभं राहून तपासता येतं आणि प्रत्येक गाडीवाल्याने ते निदान एकदा तरी करून बघावं असं मला मनापासून वाटतं.

आधी सिस्टीम समजून घ्या, अवघड काही नाही. पेडलच्या मागे एक दांडी असते, ती मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ढकलते, तिथून ऑइल (हे ब्रेक ऑइलच असतं) पाईपमधून खाली गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरला जातं, स्लेव्हचा पिस्टन फोर्क नावाचा दांडा ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंग ढकलतो आणि क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची पकड सुटते. ऑइल दाबलं जात नाही म्हणून वर जेवढं ढकलाल त्या हिशोबात खाली हलतं. पण लाईनमधे हवा शिरली की हवा दाबली जाते, तुमचा पाय खाली जातो पण फोर्क पुरेसा हलत नाही, प्लेट अर्धवट चिकटून फिरत राहते आणि गिअर अडतो. सिलिंडरमधलं रबरी सील कापलं असेल तरी तेच, फक्त ऑइल पुढे जायच्या ऐवजी सीलच्या बाजूने मागे येतं.

माझ्या डिझेल गाडीला हे पावसाळ्यात सुरू झालं. सकाळी चिपळूणहून निघताना गिअर अगदी अलगद पडायचे आणि कुंभार्ली घाट चढून वर आलं, इंजिन तापलं की दुसऱ्यावरून पहिल्यावर यायला गाडी तयार नसायची, पेडल दोन-तीनदा भराभर मारलं की मग ऐकायची. कराडला एका गॅरेजमधे दाखवलं तर बॉनेटही न उघडता क्लच सेट बदला म्हणाले. मला ते पटलं नाही, कारण प्लेट झिजली तर गाडी स्लिप व्हायला हवी, म्हणजे चौथ्या गिअरवर चढाला ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम वाढतो आणि स्पीड तिथेच राहतो, आणि माझी गाडी तर घाटात मस्त ओढत होती. पकडायला तक्रार नाही, सोडायला आहे, म्हणजे आधी ऑइलची लाईन संशयित.

तर घरी काय बघायचं. सगळ्यात पहिले पेडलखालचं मॅट बाजूला काढा, जाड मॅट दुमडून पेडलखाली गेलं तरी क्लच पूर्ण दबत नाही. मग इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. सहज पडले तर गिअरबॉक्सला शक्यतो दोष नाही. आता इंजिन चालू करा, हँडब्रेक ओढलेला, गाडीच्या पुढे-मागे कोणी नको, क्लच पूर्ण दाबून थोडं थांबा आणि रिव्हर्स टाका. करकरला तर पेडल भराभर तीन-चारदा मारून परत टाका. आता गपचूप पडला तर लाईनमधे हवा आहे किंवा सिलिंडर दाब धरत नाहीये. प्लेट खराब असेल तर पेडल पंप करून काही फरक पडायचं कारण नाही. अजून एक, पेडल दाबून पाय तसाच धरून ठेवा. पाय हळूहळू खाली सरकत गेला आणि बाहेर कुठेच ओलं नसेल तर बहुतेक मास्टर सिलिंडरचं आतलं सील गेलंय.

मग बॉनेट उघडा आणि ऑइलची लेव्हल बघा. पुष्कळ गाड्यांत क्लचला वेगळी बाटली नसते, ब्रेक ऑइलच्याच बाटलीतून एक पाईप क्लचला जातो आणि तो बाटलीत थोडा वरच्या उंचीवर बसवलेला असतो. हे मुद्दाम केलेलं असतं, लेव्हल खाली आली तर क्लच आधी निकामी होतो, ब्रेकसाठी ऑइल शिल्लक राहतं. म्हणून अशा गाडीत क्लच गेला आणि बाटली अर्धी दिसली तर नुसता टॉपअप मारून फिरू नका, ऑइल गेलं कुठे ते शोधलंच पाहिजे, प्रश्न ब्रेकचा आहे.

बाहेरून शोधायच्या जागा तीनच. पेडलच्या वर जिथे दांडी आत जाते तिथे टॉर्च मारून बोट फिरवा, ओलं लागलं किंवा कार्पेटवर तेलकट डाग असेल तर मास्टर. गिअरबॉक्सवर बाहेर स्लेव्ह असेल तर त्याचं रबरी बूट, म्हणजे तोंडावरचं रबरी टोपण, स्क्रू-ड्रायव्हरने अलगद उचला. माझं बूट उचललं आणि आतून काळं ऑइल मनगटापर्यंत ओघळलं. बूट बाहेरून अगदी कोरडं होतं बरं का, म्हणून नुसतं वरून बघून सोडू नका. तिसरी जागा म्हणजे रबरी होज, त्याला चिरा किंवा फुगवटा आलाय का ते बघा.

काळं का झालं तर ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्या कोकणातल्या हवेत तर विचारूच नका. डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा. डॉट ४ नवं असताना किमान २३० डिग्रीला उकळायला पाहिजे, पाणी मुरल्यावर तेच १५५ पर्यंत येतं, डॉट ३ ला २०५ आणि १४०. आत पाणी राहिलं की सिलिंडरच्या भिंतीला गंज धरतो, खड्डे पडतात, आणि त्या खड्ड्यांवरून सील घासत राहतं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदला म्हणतात.

स्लेव्ह नवा आणला कारण जुन्याच्या आत बोट घातलं तर खरखर लागत होती, अशा वेळी नुसतं सील किट टाकून पैसे वाया जातात. स्लेव्ह काढलेला असताना चुकूनही कोणी पेडल दाबायचं नाही, पिस्टन बाहेर उडतो. बसवल्यावर हवा काढायची. त्यासाठी निप्पलच्या (स्लेव्हवरचा हवा काढायचा छोटा स्क्रू) मापाचा रिंग पाना, मेडिकलमधून आणलेली सलाईनची नळी आणि एक पारदर्शक बाटली. नळी निप्पलवर घट्ट बसवायची, दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमधे बुडलेलं. पेडलवर पुतण्या होता. मी खालून "दाब" म्हणालो की त्याने हळू दाबायचं, मग मी निप्पल सोडणार, ऑइल आणि बुडबुडे येणार, पेडल तळाला टेकलं की तो "काका, टेकलं" म्हणणार, मी निप्पल बंद केल्यावरच "सोड". हा क्रम मोडला, निप्पल उघडं असताना पाय उचलला, की लाईन परत हवा ओढते आणि सगळी मेहनत पाण्यात. सुरवातीला नळीत काळ्या चहासारखं ऑइल आणि मोठे मोठे बुडबुडे, मग बारीक फेस, मग हळूहळू सोनेरी स्वच्छ धार. मधे मधे वरची बाटली भरत राहायची, ती तळाला गेली तर क्लच राहिला बाजूला, ब्रेकलाईनमधे पण हवा जाईल.

एवढं करून पेडल तरी मऊ राहिलं तर बाहेरच्या स्लेव्हची दांडी हाताने पूर्ण आत ढकला आणि सावकाश सोडा, अडकलेला बुडबुडा ऑइलबरोबर वर बाटलीत निघून जातो. त्याआधी बाटली काठोकाठ भरलेली नाही ना बघा, ऑइल बाहेर सांडतं आणि ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. काम करताना डोळ्याला चष्मा पाहिजेच आणि खाली शिरायचं असेल तर गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर अजिबात नाही.

ऑइल कुठलं ते बाटलीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, तेच टाका, सीलबंद डब्यातलं. अर्धा उघडा डबा वर्षभर कपाटात पडलेला असेल तर तो नको. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४ मधे मिसळत नाहीत. आणि पॉवर स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं ऑइल थोडंसुद्धा नाही, त्याने रबर फुगतं आणि बाटली सामाईक असेल तर ब्रेकची सीलंसुद्धा जातात. रस्त्यात टपरीवर कोणी "चालतंय हो, टाका" म्हणालं तर सरळ नाही म्हणायचं.

आता घरी न होणारं काम. बऱ्याच नव्या गाड्यांत स्लेव्ह बाहेर नसतोच, तो बेअरिंगसकट गिअरबॉक्सच्या आत शाफ्टभोवती बसवलेला असतो. वर मास्टर कोरडा, पाईप कोरडा, ऑइल मात्र कमी होतंय आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरून खाली थेंब पडतायत, तर तो थेंब कागदावर घ्या. पातळ आणि पिवळसर असेल, पाण्याने सहज धुतला जात असेल तर ब्रेक ऑइल, चिकट असेल आणि पाण्याने जात नसेल तर इंजिनचं किंवा गिअरचं. ब्रेक ऑइल निघालं तर गिअरबॉक्स उतरवणं आलंच. तेव्हा मात्र नुसता आतला स्लेव्ह बदलू नका. खर्चाचा मोठा भाग उतरवायच्या मजुरीचा असतो, म्हणून प्लेट आणि प्रेशर प्लेट किती झिजलीय ते समोर उभं राहून बघा, फार आयुष्य उरलं नसेल तर त्याच वेळी नवीन टाका, आणि काढलेले जुने पार्ट मागून घ्या.