अक्काची रहस्यमाला : आमची वाटचाल

लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांची प्रगतिपुस्तकं, यंत्रमाग कारखान्यांची चलनबुकं आणि चादरींच्या गठ्ठ्यांवर लावायची लेबलं. वडिलांच्या काळापासून आमच्या छापखान्यात हेच छापलं जायचं. पुस्तक म्हणाल तर एखाद्या मठाची पोथी किंवा निवृत्त गुरुजींचा कवितासंग्रह. आज त्याच छापखान्याच्या नावावर रहस्यकादंबऱ्यांची एक माला आहे. चार पुस्तकं बाहेर आली आहेत, पाचवं हातात आहे आणि पाचही सोलापुरात घडतात. लिहिते मी, छापतो दादा, आणि हिशेब, पार्सलं, दुकानदारांचे फोन हे सगळं वहिनी बघते. तिघांचं मिळून हे एवढंच प्रकाशन.

सुरुवातीला ज्याला त्याला वाटायचं की प्रकाशन करायचं तर पुण्याला जावं. मला ते कधीच पटलं नाही. ज्या पंचांगावर महाराष्ट्रातल्या घरोघरचे मुहूर्त निघतात, ते पंचांग सोलापुरातून निघतं. ते जर इथून गावोगाव जाऊ शकतं, तर कादंबरीला कुठली अडचण?

निमित्त झालं २०२० च्या टाळेबंदीचं. लग्नं थांबली, पत्रिका थांबल्या. पुढे लग्नं सुरू झाली, पण पत्रिका बऱ्याच घरांत मोबाइलवरच जायला लागली. यंत्र उभं, कामगार बसून. माझ्याकडे त्या वेळी एक कादंबरी अर्धी लिहून पडली होती. दादाने ती वाचली आणि विचारलं, "ह्या बाईच्या आणखी गोष्टी आहेत का तुझ्याकडे?" धंद्याच्या दृष्टीने तोच प्रश्न महत्त्वाचा होता. नव्या प्रकाशनाचं एकटं पुस्तक दुकानात एका कोपऱ्यात उभं राहतं आणि पुढच्या दिवाळीपर्यंत विसरलं जातं. मालिकेचं तसं नसतं. पहिल्या पुस्तकाला वाचक मिळवायला जो खर्च आणि जी धावपळ होते ती दुसऱ्याच्याही कामी येते, आणि दुसरं वाचलेला माणूस पहिलं मागायला येतो. म्हणून पहिलं पुस्तक छापायला घेण्याआधी तीन पुस्तकांची कथानकं कागदावर तयार पाहिजेत, असं आम्ही ठरवलं आणि तसंच केलं.

आता अक्काबद्दल, म्हणजे आमच्या मालेतल्या शोधक बाईबद्दल. हौशी शोधक लिहिणाऱ्या प्रत्येकापुढे दोन प्रश्न असतात. पोलीस नसलेल्या माणसाच्या वाट्याला इतके गुन्हे येतात कसे? आणि लोक त्याला खरं का सांगतील? मला उत्तर सोलापूरच्या आमच्याच पूर्व भागात, यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्तीत मिळालं. अक्का हयातभर एका यंत्रमाग कारखान्यात हजेरी आणि पगाराची वही लिहीत होती. आता घराच्या ओट्यावर बसून ती लोकांचे अर्ज भरून देते. भविष्यनिर्वाह निधी, पेन्शन, रेशनकार्ड, बंद गिरणीतली थकलेली देणी, विडी कामगार बायकांची ओळखपत्रं. मराठी, तेलुगू, कन्नड आणि आपली दखनी हिंदी, चारही तिला येतात. तिच्याकडे माणसं स्वतःहून येतात आणि कागद घेऊन येतात. कोणाचं नाव कुठल्या कागदावर कसं लिहिलंय, कोणाच्या वारसाची सही कधी झाली, कोणाचा अंगठा आहे आणि कोणाची सही, हे तिच्या डोळ्यांखालून जातं. तिला पाठलाग करावा लागत नाही, पिस्तूल लागत नाही. पोलीस अंमलदार तिला फार काही सांगतो असंही नाही. उलट कित्येकदा तीच त्याला तक्रार नीट लिहून देते. वाचकांनी तिच्यावर विश्वास ठेवला तो यामुळे, असं मला मनापासून वाटतं.

माझं एक ठाम मत आहे. रहस्याचा धागा गावाच्या रोजच्या जगण्यातूनच निघाला पाहिजे. दुसऱ्या गावात नेऊन ठेवला तरी चालेल असा पुरावा मला कच्चा वाटतो.

पहिल्या पुस्तकातला धागा चादरीचा. चादरीची नक्षी आधी आलेखाच्या कागदावर काढतात, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात आणि ती कार्डं एकापुढे एक ओवून मागावरच्या जेकार्डला, म्हणजे नक्षी विणणाऱ्या जोडणीला, चढवतात. आडव्या धाग्याची एकेक ओळ एकेक कार्ड ठरवतं. त्यातलं एखादं फाटलं किंवा मागेपुढे झालं तर चूक एकदाच येऊन थांबत नाही. नक्षी जितक्या वेळा फिरते तितक्या वेळा तीच चूक त्याच जागी येते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेरचा माल आपल्या नावाने विकला जातो हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या गोष्टीतल्या चादरीवर लेबल एका कारखान्याचं आणि चूक दुसऱ्याच मागाची आहे. लेबलं तर आम्हीच इतकी वर्षं छापत होतो, त्यामुळे लेबल कुठून कुठे जाऊ शकतं हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. कार्डांचं काम मात्र मी एका पंचिंगवाल्यांच्या शेजारी बसून शिकले. पुढचं पुस्तकात वाचा.

दुसऱ्याचा धागा नळाच्या पाण्याचा. उजनी धरण भरलेलं असो वा नसो, सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि प्रत्येक भागाची पाळी वेगळी. पाण्याच्या दिवशी घरातलं कोणी गावाला जात नाही, रात्री-अपरात्री उठून भरतात, सगळी गल्ली जागी असते. अशा गावात "मी त्या रात्री घरी पाणी भरत होतो" ही साक्ष फार भक्कम वाटते, जोवर पाळीचा कागद कोणी काढून बघत नाही तोवर. हे पुस्तक वाचून पुण्या-मुंबईच्या वाचकांनी विचारलं की असं खरंच असतं का. इथल्या वाचकांनी ते विचारलं नाही. त्यांनी विचारलं, कुठला भाग?

तिसरं पुस्तक गड्ड्याच्या यात्रेतलं, आणि त्यावर मी सगळ्यात जास्त जीव लावला. सिद्धेश्वरांची जत्रा हा सोलापूरकरांच्या काळजाचा विषय. तिथे गुन्हा घडवायचा तर श्रद्धेला धक्का लागता कामा नये, आणि तपशिलात तर एकही चूक चालत नाही. सात नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्याजवळचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचं होमप्रदीपन, शोभेचं दारूकाम हा क्रम प्रत्येक घरात लहान मुलालाही पाठ असतो. यात्रेत हजारो पुरुष पांढऱ्या बाराबंदीत असतात. साक्षीदार म्हणतो, "बाराबंदी घातलेला माणूस होता." आता शोधा! सगळं कोडं त्या एका वाक्यावर उभं आहे.

त्या पुस्तकाने मला आणखी एक गोष्ट शिकवली. यात्रा संक्रांतीच्या हिशेबाने, म्हणजे सूर्याच्या चालीवर. तिथी चंद्राची. त्यामुळे जानेवारीतल्या त्याच तारखांना एका वर्षी लख्ख चांदणं असतं आणि दुसऱ्या वर्षी मिट्ट अंधार. कथेतल्या साक्षीदाराने तलावाच्या काठी कोणाला ओळखलं हे लिहिण्याआधी मी त्या वर्षाचं पंचांग उघडून बसले, आणि कथेचं वर्षच बदललं.

आमचा एक नियम आहे. अक्काला जे दिसतं ते वाचकालाही दिसलं पाहिजे. शेवटच्या प्रकरणात कुठून तरी जुळा भाऊ उपटणार नाही, कोणी पानामागे दडवलेली चिठ्ठी काढणार नाही. हा नियम पाळला गेला की नाही हे मी एकटी ठरवत नाही. शेवटचं प्रकरण काढून ठेवून कच्चा खर्डा आम्ही काही वाचकांना देतो. त्यांत एक निवृत्त शिक्षिका आहेत, एक औषधदुकानदार आहेत, एक कॉलेजातली मुलगी आहे, एक चादरीचे व्यापारी आहेत. प्रत्येकाने गुन्हेगार कोण आणि कशावरून, हे एका कागदावर लिहून द्यायचं. सगळ्यांनी ओळखलं तर कोडं सोपं आहे. कोणीच ओळखलं नाही तर मी काहीतरी लपवलंय, आणि ते जास्त वाईट. एक-दोघांनी नाव बरोबर लिहिलं आणि बाकीच्यांनी उत्तर कळल्यावर मागची पानं उलटून "हे तर इथे लिहिलंच होतं" म्हटलं, की मग दादा कागदाची ऑर्डर देतो.

पोलिसी आणि वैद्यकीय बाजू एक निवृत्त पोलीस अधिकारी आणि एक डॉक्टर तपासून देतात. मृत्यूनंतर शरीर ताठ होण्याची क्रिया जबड्यापासून सुरू होते आणि पुढे अंगभर पसरते. उन्हाळ्यात ती लवकर येते आणि लवकर ओसरते. थंड देशातल्या कादंबऱ्यांमधले तास सोलापूरच्या ४३-४४ अंशांच्या मे महिन्याला लावून चालत नाही. कायदाही मध्येच बदलला. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, खुनाचं ३०२ चं कलम १०३ झालं. अकस्मात मृत्यूच्या चौकशीचं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं १७४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १९४ आहे. आमची पहिली तीन पुस्तकं त्या तारखेआधी घडतात, चौथं नंतर. गुन्हा ज्या दिवशी घडला त्या दिवशीचं कलम लागतं, म्हणून पात्रांच्या बोलण्यात आणि कागदांवर ते तसंच ठेवलंय. गल्लीतला माणूस अजून "तीनशे दोन"च म्हणतो, तेही तसंच ठेवलं.

नावांची काळजी फार घ्यावी लागते. चौक, पेठा, रस्ते खरे. कारखाना, दुकान, घर काल्पनिक. पद्मशाली, लिंगायत, मुस्लिम, मराठा, जैन असं सगळं गाव एकमेकांत मिसळलेलं आहे, आणि गुन्हेगाराचं आडनाव ठरवताना एका समाजाकडे बोट जाईल असं काही होऊ नये, हे आम्ही तिघं बसून पाहतो. त्यासाठी एक जाड नोंदवही आहे. कोणाचं वय किती, कोण कोणाला "अहो" म्हणतं, कोणाकडे कुठली गाडी, कोणाचा मुलगा पुण्याला नोकरीला गेला, कोण कुठल्या पुस्तकात वारलं. चौथ्या पुस्तकापर्यंत ती वही नसती तर मालिका चालवता आली नसती.

छपाईचं म्हणाल तर डेमी आकार, ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) नॅचरल शेडचा कागद, आणि कादंबरी बारा किंवा तेरा फर्म्यांत, म्हणजे १९२ किंवा २०८ पानांत. सोळाच्या पटीत पानं बसवली की कागद वाया जात नाही, आणि मला लिहितानाही त्या मर्यादेने शिस्त लागली. मुद्रितशोधनाला मात्र आम्ही काटकसर करत नाही. इतर पुस्तकात "साडेनऊ"चं "साडेदहा" झालं तर वाचक माफ करेल. इथे तो त्याच वेळेवर आपला तर्क बांधत असतो. शेवटचं प्रूफ दादा फक्त वेळा, तारखा आणि नावं यांच्यासाठी वाचतो.

पैशांचं गणित अवघड आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ही वाचकासाठी चांगली गोष्ट. पण त्यामुळे कागदावर आणि छपाईच्या प्लेटवर भरलेला कर आम्हाला वळता करून घेता येत नाही, तो किमतीतच मुरतो. ऑफसेटवर जास्त प्रती काढल्या की एका प्रतीचा खर्च उतरतो, पण गठ्ठे घरात पडून राहतात. म्हणून नवं पुस्तक ऑफसेटवर आणि जुन्या भागांच्या लागतील तशा थोड्या प्रती डिजिटलवर, असा मेळ घातला. मालिकेत पहिला भाग कधीही संपलेला चालत नाही. तो नसला की दुकानदार पुढचेही मागवत नाही, कारण नवा वाचक पहिल्यापासूनच सुरुवात करतो.

सुरुवातीच्या काळात एका वितरकाकडे आमची रक्कम बराच काळ अडकली. त्यानंतर वहिनीने ठरवलं की उधारीवर मोठी सूट देण्यापेक्षा रोखीवर थोडी कमी सूट द्यायची आणि जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या दुकानांशी स्वतः बोलायचं. पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, तुळजापूर, पलीकडे विजयपूर आणि कलबुर्गीचे मराठी वाचक हे सगळे तिने फोनवर जोडले. सार्वजनिक वाचनालयांनी फार आधार दिला. वाचनालयातली एक प्रत कितीतरी घरांतून फिरते आणि मग त्यातल्याच काहींना आपली स्वतःची प्रत हवी असते. कायद्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयातही जाते. ते पहिलं पार्सल बांधताना वहिनीने अक्काच्या मुखपृष्ठाचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता.

पाचव्या पुस्तकाचा विषय विडी कारखान्याभोवतीचा आहे. खर्डा सध्या वाचकांकडे आहे, शेवटच्या प्रकरणाशिवाय, आणि औषधदुकानदारांचा कागद तेवढा परत आलाय. त्यांचं उत्तर चुकलंय, पण त्यांनी एक शंका काढली आहे ती खरी आहे, आणि तिच्यासाठी अकरावं प्रकरण मला पुन्हा लिहायचं आहे. पहिल्या भागाच्या आणखी प्रती याच आठवड्यात छापायला घेतल्या आहेत. कन्नड अनुवादाची बोलणी सुरू आहेत. अक्काचं अर्धं आयुष्य त्या भाषेत गेलंय, त्यामुळे ते पुस्तक निघावं अशी माझी फार इच्छा आहे.