पीपी नंबर

परवा दुपारी एका साइटवरून चार पानांची पीडीएफ हवी होती, कुंडीत कढीपत्ता कसा जगवायचा एवढंच, तर म्हणे आधी मोबाईल नंबर टाका, ओटीपी येईल. चार पानांसाठी नंबर द्यायचा आणि मग वर्षभर घोडबंदर रोडला टू बीएचके घेता का म्हणून फोन झेलायचे? भाच्याने एकदा दाखवलेलं, फुकट नंबर देणाऱ्या साइट असतात. +४४ म्हणजे इंग्लंडचा, +१ अमेरिकेचा, हवा तो उचला, मेसेज तिथल्याच पानावर येतो. हे बेस्टच.

पहिला नंबर चालला नाही, आधीच कोणीतरी वापरलेला. दुसरा चालला. मग ओटीपीची वाट बघत बसलो आणि वाट बघता बघता, खरं सांगतो, बाकीच्यांचे मेसेज वाचायला लागलो. कारण ते पान सगळ्यांनाच दिसतं ना. कुणाचा टॅक्सीचा कोड, कुणाचा लग्न जुळवायच्या अॅपचा, एकाने तर पासवर्ड बदलायला घेतलेला. जगभरची माणसं एकाच फोनवर लटकलेली आणि मी मध्ये बसून सगळ्यांचं ऐकतोय, म्हटलं अरे, ही तर आमची तळमजल्यावरची काकू!

नौपाड्यात आमच्या चाळीत एकच फोन होता, तिच्याकडे. आमचा अर्ज भरलेला, पण नंबर लागायला तेव्हा वर्षं जायची, तोवर बाबांच्या कार्डावर काकूचाच नंबर, पुढे कंसात पीपी, म्हणजे फोन शेजारच्यांचा, आम्हाला बोलावून घ्यायचं. स्टुलावर भरतकामाचं कव्हर घातलेला काळा फोन, डायलला छोटं कुलूप, म्हणजे फोन फक्त घ्यायचा, करायचा नाही. फोन आला की काकू चौकात येऊन वर तोंड करून आईच्या नावाने अशी हाक मारायची की पलीकडच्या चाळीतलेही गॅलरीत यायचे. आपण बोलत असताना ती शेजारीच तांदूळ निवडत बसायची. तासभर, तेच ताट. मावशीचं डोंबिवलीचं स्थळ मोडलं हे बाबांच्या आधी तिला कळलेलं. दिवाळीत आई तिच्या डब्यात चार करंज्या जास्त घालायची, त्याला आम्ही फोनचा फराळ म्हणायचो.

एकदाच ती ओरडली नाही. जिना चढून वर आली, गुडघे दुखायचे तरी, आणि दारात नुसती उभी राहिली. आईने विचारलं, फोन आहे का? काकू म्हणाली, गॅस बंद कर आधी. आजोबा गेले होते.

त्या पानावर असं कोण येणार वर. आणि हा आकडा उद्या दुसऱ्याचा असेल, परत लॉगिन करायला कोड मागितला तर तो कुणाच्या दारात जाईल काय माहीत. आपल्याकडेसुद्धा सोडलेलं सिम निदान ९० दिवस बाजूला ठेवतात, मगच दुसऱ्याला देतात, इथे तेवढंही सुतक नाही.

ओटीपी आला तोवर वेळ संपलेली. शेवटी वैतागून स्वतःचाच नंबर टाकला. पीडीएफमध्ये लिहिलंय, पाणी कमी घाला. संध्याकाळी फोन आला, सर, कासारवडवलीला टू बीएचके बघताय का.