मांडवा ते गुहागर सायकलने: कोणता तुकडा कोणाला झेपतो

कोकण किनाऱ्याच्या रूटबद्दल सगळे आधी किलोमीटर विचारतात. मी म्हणेन आधी सोबत कोण आहे ते बघा. आमच्या ग्रुपमध्ये सातवीतला भाचा होता, साठी ओलांडलेले काका होते, रोज ऑफिसला सायकलने जाणारी बहीण होती, आणि तरी सगळ्यांना पोटभर सायकल चालवायला मिळाली कारण हा रस्ता खाड्यांमुळे आपोआप तुकड्यांत वाटला गेलाय. कुंडलिका, राजपुरीची खाडी, सावित्री, वाशिष्ठी. प्रत्येक तुकड्याचा स्वभाव वेगळा. त्यामुळे सगळ्यांनी सगळं चालवायचा हट्ट धरायचा नाही, ज्याला जो तुकडा झेपेल तो त्याने चालवायचा आणि बाकीचा सामानाच्या टेम्पोतून.

मुंबईकरांना सुरुवात सोपी आहे. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, साधारण तासाभरात मांडवा, सायकल बोटीत ढकलत न्यायची. मांडव्यापासून चोंढीमार्गे सरळ अलिबाग गाठू नका, शनिवारी सकाळी तिथे गाड्यांची रांगच असते. त्यापेक्षा सासवणे, आवास, किहीम असं आतल्या रस्त्याने जा. रस्ता अरुंद आहे पण दोन्ही बाजूंना वाड्या, सावली, आणि सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं संग्रहालय अगदी वाटेवर आहे, पोरांना ते पुतळे फार आवडतात.

अलिबाग ते रेवदंडा हा सुमारे सतरा किमीचा पट्टा नवशिक्यांसाठी सगळ्यात चांगला. जवळपास सपाट, नागाव चौलच्या नारळी-पोफळीतून जाणारा, दर थोड्या अंतरावर चहा, सरबत, हॉटेल. चौलच्या रामेश्वराच्या पुष्करणीपाशी थांबाच. रेवदंड्यात तर रस्ता चक्क किल्ल्याच्या तटातून आत शिरतो. भाच्याने हा पट्टा एकट्याच्या जिवावर पूर्ण केला, आणि आम्ही मुद्दामच त्याचा दिवस तिथे संपवला. लहान मुलांना पहिल्या दिवशी दमवलं की दुसऱ्या दिवशी ती सायकलकडे बघत पण नाहीत.

पूल ओलांडून साळाव, कोर्लई, काशीद, मुरूड. इथून चढउतार सुरू होतात. कोर्लईपाशी समुद्र रस्त्याच्या इतका जवळ येतो की मान वळवून बघताना तोल जातो, बघायचं असेल तर थांबून बघा. काशीदच्या आधी आणि नंतर चढ आहेत, फार मोठे नाहीत, पण दुपारच्या दमट उन्हात भारी पडतात. सकाळी लवकर निघा, दहाच्या आत काशीद मागे पडलं पाहिजे. वीकेंडला तिथे पार्क केलेल्या गाड्यांची दारं अचानक उघडतात, मुलांना मध्ये ठेवा.

आगरदांडा ते दिघी जंगलजेटी, म्हणजे गाड्या वाहून नेणारी बोट. पहिल्यांदा जाणाऱ्यांना एकच सांगते, रॅम्पवर सायकल चालवू नका. ओहोटीला खालचा भाग उघडा पडतो तिथे शेवाळ असतं, चालताना पण पाय सटकतो. आधी मोठ्या गाड्या उतरू द्या, मग सायकल हातात धरून या. शेवटची फेरी किती वाजता ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा कारण ती चुकली तर खाडीला वळसा घालून जायचं म्हणजे बराच लांबचा फेरा.

आता माझा सगळ्यात लाडका तुकडा, दिवेआगर ते श्रीवर्धन. भरडखोल, शेखाडी, कोंडिवली, आरावी. सुमारे वीस किमी, डावीकडे डोंगर आणि उजवीकडे अगदी हाताशी समुद्र. मधे एक दोन छोटे चढ आहेत, पण मुलं आणि ज्येष्ठ दोघांनाही जमतात. काकांनी इथे सगळ्यांना मागे टाकलं. शेखाडीच्या आसपास खायची सोय फारशी नाही, तेव्हा दिवेआगरला नाश्ता करून पाणी भरून निघा. श्रीवर्धनला पोचलात की सुपारीच्या बागा, आणि पेशवाई सुरू करणाऱ्या बाळाजी विश्वनाथांचं गाव हेच.

दिवेआगरच्या किनाऱ्यावर ओहोटीला ओली वाळू इतकी घट्ट असते की बारीक टायर सुद्धा चालतात. पण वेळ कशी कळणार? ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या आजींनी भाच्याला विचारलं, आज तिथी कोणती? षष्ठी. मग सहाची पाऊणपट कर. साडेचार. म्हणजे साडेचारच्या सुमाराला भरती, आणि सहा तास आधी, साडेदहाला ओहोटी. मोबाईलवर टाइड बघितली तर थोड्याफार फरकाने तेच. पुढे भाचा रोज सकाळी कालनिर्णय मागायचा! वाळूत चालवलीत तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने सायकल धुवा, चेन पुसून तेल घाला. खारं पाणी रात्रभर राहिलं की सकाळी चेनवर तांबूस गंज दिसतोच.

श्रीवर्धन हरिहरेश्वर ठीक आहे, चढ आहेत पण निवांत जाता येतं. बागमांडल्याहून वेश्वीची बोट. खाडीकाठाने बाणकोट आणि वेळासपर्यंत छान जातं. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायची असतील तर फेब्रुवारी-मार्चच्या पुढेच जा, मात्र तेव्हा ऊन वाढलेलं असतं हे धरून चला.

वेळासच्या पुढे मात्र सरावलेल्यांनीच जायचं. केळशी, उटंबर, आडे, पाडले, आंजर्ले. उटंबरचा चढ खडा आहे, लो गिअर नसेल तर ढकलावीच लागते आणि त्यात काही कमीपणा नाही. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, दाबा सोडा दाबा सोडा करा. वळणावर एसटी आली तर तिला पूर्ण रस्ता लागतो, आपण कडेला थांबायचं. निघण्याआधी ब्रेक पॅड बदललेले असले तर उत्तम, मधल्या गावांत मोटरसायकलचं पंक्चर निघतं पण गिअरच्या सायकलचे पार्ट मिळत नाहीत. दोन स्पेअर ट्यूब, लिव्हर, पंप, चेनची जोडकडी एवढं प्रत्येकाकडे नाही तरी ग्रुपमध्ये पाहिजेच. आम्ही ह्या टप्प्यात भाचा आणि काकांना टेम्पोने आंजर्ल्याला पाठवलं. आम्ही घामाघूम होऊन पोचलो तोवर ते कड्यावरच्या गणपतीचं दर्शन घेऊन आले होते आणि आमच्यासाठी कोकम सरबत सांगून ठेवलं होतं.

हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव बघा, पण सायकल वर रस्त्यावरच ठेवा. मग मुरूड (हे दापोलीजवळचं, मघाचं काशीदनंतरचं नव्हे), कर्दे, लाडघर, बुरोंडी असं दाभोळ. दाभोळहून धोपाव्याची बोट, उतरल्यावर चढून वर यायचं आणि मग गुहागर.

राहायला घरगुती सोय सगळीकडे मिळते, पण जेवण आधी फोन करून सांगा, ऐनवेळी आलेल्यांना कोण मासे करून घालणार? सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नाताळचा आठवडा टाळा, रूमचे दर आणि गर्दी दोन्ही वाढतात. परतीसाठी जवळचं स्टेशन चिपळूण, गुहागरहून साधारण पंचेचाळीस किमी. ज्यांना दाभोळआधीच थांबायचंय त्यांनी दापोलीहून खेड स्टेशन गाठावं. सायकल ट्रेनने न्यायची तर पार्सलची चौकशी स्टेशनवर आधीच करून ठेवा, आणि पेडल काढायचा पाना सोबत असू द्या.