जुना पिकअप दबका वाजतोय? आधी मीटर लावा, सोल्डरिंग आयर्न नंतर

जुन्या इलेक्ट्रिक गिटारचा एक पिकअप (तारांखालचा चुंबक आणि त्याभोवतीची तांब्याच्या तारेची कॉइल, जी तारांच्या कंपनाचा विद्युत सिग्नल करते) मंद वाजायला लागला की पिकगार्ड (गिटारच्या अंगावरची पाटी) उघडून तारा सोडवायची घाई होते. ती करू नका. इतकी वर्षं कुणी हात न लावलेलं सोल्डर हा गिटारच्या किमतीचाच भाग असतो, आणि एकदा वितळवलेलं सोल्डर पुन्हा 'ओरिजिनल' होत नाही. शिवाय बरंचसं निदान काहीही न उघडता होतं.

सुरुवात तारांपासून. कुणी अकूस्टिकच्या ब्राँझ तारा चढवल्या असतील तर जाड तारा मेल्यासारख्याच वाजणार, कारण चुंबकाला ओढायला त्यात फक्त आतली पोलादी तार उरते. मग उंची. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून पोल-पीसपर्यंतचं (प्रत्येक तारेखाली पिकअपवर दिसणाऱ्या धातूच्या टोकापर्यंतचं) अंतर मोजा. व्हिंटेज पद्धतीच्या सिंगल कॉइलला (एकाच कॉइलच्या पिकअपला) जाड तारेखाली सुमारे 2.4 मिमी आणि बारीक तारेखाली 2 मिमी ही चांगली सुरुवात. हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) 1.6 मिमीपर्यंत जवळ आणता येतो. जुन्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरवर (थोडक्यात स्ट्रॅट) फक्त बी तार दबकी आणि जी तार अंगावर येणारी असेल तर तो बिघाड नाहीच. पोल-पीसच्या त्या उंच-सखल रांगा गुंडाळलेल्या (वर दुसऱ्या तारेचं वेटोळं असलेल्या) जी तारेच्या हिशोबाने केलेल्या आहेत, आणि आज आपण साधी, वेटोळं नसलेली जी तार लावतो.

आता मीटर. गिटारला केबल लावा, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा, सिलेक्टरवर (पिकअप निवडायच्या स्विचवर) फक्त संशयित पिकअप ठेवा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला प्लगच्या टिप (टोक) आणि स्लीव्हमध्ये (मागचा दांडा) रोध मोजा. जुना स्ट्रॅट पिकअप साधारण 5.5 ते 6.5 किलोओहम दाखवतो, पी-90 (गिब्सनचा सिंगल कॉइल) सात-आठच्या आसपास, जुना गिब्सन हंबकर 7 ते 9. व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा बदलता रोध) समांतर असल्याने आकडा किंचित कमी येतो: 6 किलोओहमचा पिकअप 250 किलोओहमच्या पॉटसोबत 5.86 दिसेल.

खरी गंमत पुढे आहे. त्याच गिटारवर मीटरने 250 किलोओहमच्या आसपास आकडा दाखवला (जुने पॉट 200 ते 300 मध्ये कुठेही असू शकतात), तर तुम्ही पिकअप मोजतच नाही आहात, नुसता पॉट मोजताय. म्हणजे एकतर कॉइल कुठेतरी तुटली आहे किंवा सिलेक्टर तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. कॉइल तुटली तरी पिकअप पूर्ण गप्प होईलच असं नाही. तुटलेल्या टोकांमधल्या कपॅसिटन्समधून (टोकं जोडलेली नसतानाही सिग्नल थोडा पलीकडे जाऊ देणाऱ्या गुणामुळे) थोडा आवाज निसटतो, पातळ, खालचे, जाड सूर गायब झालेला. 'कमजोर पिकअप' म्हणून येणाऱ्या तक्रारींत हा आवाज हमखास असतो.

आकडा स्थिर नसेल, सिलेक्टर हलवला की उडत असेल, तर पिकअप निर्दोष समजा. सिलेक्टरच्या पात्यांवर आणि पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा मारा, वीस-तीस वेळा फिरवा, जॅकची टिपची पट्टी किंचित आत वाकवा आणि पुन्हा मोजा.

आकडा बरोबर, तरी आवाज दबका? रोधावर फार विश्वास ठेवू नये तो इथेच. तांब्याचा रोध दर अंशाला 0.39 टक्के वाढतो, म्हणजे 20 अंशांना 6.0 दाखवणारा पिकअप 35 अंशांना 6.35 दाखवतो. आत काही वळसे एकमेकांना चिकटून शॉर्ट झाले तर रोध या फरकाइतकाही हलत नाही, पण आवाजातली धार जाते. हा दोष पकडायला इंडक्टन्स (कॉइलचा चुंबकीय गुण, जो वळशांवर अवलंबून असतो) मोजणारा मीटर लागतो. त्याच जातीच्या चांगल्या पिकअपशी तुलना केली की फरक लगेच दिसतो.

हंबकर असेल तर अँप हळू आवाजात चालू ठेवा आणि लोखंडी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने आधी एका, मग दुसऱ्या रांगेतल्या पोल-पीसवर हलकेच टकटक करा. एका रांगेवर खणखणीत 'टक्' आणि दुसऱ्यावर नुसती धूसर चाहूल आली, तर दुसरी कॉइल मेली आहे. सिलेक्टरच्या मधल्या स्थितीत दोन पिकअप एकत्र वाजताना आवाज बारीक होतो, पण वेगवेगळे दोन्ही ठणठणीत वाजतात? मग फेज उलटा आहे, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना खोडतात. कुणीतरी आधी कधीतरी तारांची किंवा चुंबकाची अदलाबदल केलेली असते.

सगळं ठीक निघालं तर चुंबक. अल्निको (पिकअपमधल्या चुंबकाचा मिश्रधातू) आपोआप फारसं ओसरत नाही. जवळ आणलेलं जोरदार चुंबक ते बिघडवतं. सगळ्या पोल-पीसवर एकच छोटा खिळा लावून ओढ ताडून बघा, एखाद्या पोलची ओढ कमी वाटली की त्याच तारेचा आवाज आठवा.

उघडावंच लागलं, तर जुन्या फेंडर पिकअपचे चुंबकदांडे बोटाने किंवा हातोडीने खाली-वर सरकवू नका. कॉइल थेट त्यांच्याभोवतीच गुंडाळलेली असते आणि आतला पहिला वळसा तिथेच तुटतो. घामाने दांडे गंजले की तोच वळसा आतूनही खाल्ला जातो. बाहेरचं टोक आयलेटजवळ (तार जोडायच्या धातूच्या छोट्या छिद्राजवळ) तुटलं असेल तर नशीब चांगलं: एक वळसा सोडवा, बारीक पॉलिश पेपरने टोकावरचं इनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा थर) खरवडा (जुन्या तारेचं इनॅमल आयर्नच्या उष्णतेने नीट जात नाही) आणि दोन-तीन सेकंदांत सोल्डर करा. तार केसाएवढीच, साधारण 0.06 मिमीची, त्यामुळे भिंग हवंच. आतलं टोक तुटलं असेल तर मात्र सुमारे आठ हजार वळसे काढून पुन्हा गुंडाळावे लागतात. ते काम वाइंडरकडे (पिकअप गुंडाळणाऱ्या कारागिराकडे) द्या, आणि देण्याआधी जुन्या कॉइलचे फोटो आणि वळशांची दिशा टिपून ठेवा.