दोन पंप आणि एक काळी वायर

थंड गाडी पहिल्याच सेल्फला सुरू व्हायची. अर्धा-पाऊण तास चालली की चढावर ओढेनाशी व्हायची, धक्के मारायची आणि एखाद्या सिग्नलला बंद पडायची. मग कितीही सेल्फ मारा, नुसती बॅटरी दमायची. बॉनेट उघडून थोडा वेळ उभं राहिलं की पुन्हा अशी सुरू, जणू काही झालंच नव्हतं.

ही लक्षणं ऐकून कुठलाही मेकॅनिक फ्युएल पंपच म्हणेल, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ढकलणारा पंप. आधीच्या गॅरेजनं तेच म्हटलं होतं आणि पंप बदललाही होता. त्रास गेला नाही तेव्हा नवीन पंपच खराब निघाला असं ठरवून आणखी एक टाकला. गाडीचा मूळ पंप मालकांनी पिशवीत जपून आणला होता. "मिस्त्री, काहीही सांगा, फक्त पंप बदला म्हणू नका," असं त्यांनी आल्या आल्याच बजावलं.

स्कॅनरवर कोड आला पी०१७१, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. का कमी पडतंय, ते हा कोड सांगत नाही. इनटेकमध्ये कुठून हवा शिरत असली तरी हाच येतो. म्हणून फ्युएल रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर, प्रेशर गेज चढवलं. या गाडीला साडेतीन बार लागतात. थंड असताना काटा तीनच्या जरा वर होता. गाडी तशीच चालू ठेवली, तर हळूहळू घसरत दोनवर आला. पेट्रोल कमी पोचतंय हे नक्की झालं. पण पंप दमलाय की पंपाला वीजच कमी मिळतेय, हे गेजवरून कळत नाही.

मालक बोलता बोलता म्हणाले होते की पेट्रोलचा काटाही हल्ली खोटं बोलतो. गाडी सुरू केली की खाली येतो, बंद करून नुसती किल्ली फिरवली की वर जातो. त्यांच्या मते ती वेगळी तक्रार होती. मला मात्र तिथेच वास आला. या गाडीत पंप आणि टाकीतला फ्लोट (पेट्रोलची पातळी काट्याला सांगणारा) दोघांची अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट, एकाच काळ्या वायरीतून जाते. नुसती किल्ली फिरवली तर पंप दोनेक सेकंद फिरून थांबतो, आणि तो थांबल्यावर काटा सुधारतो. मग आधी अर्थ तपासायला हवी.

मागची सीट उचलली. टाकीच्या झाकणावरचा कपलर, म्हणजे पंपाच्या वायरींचा जोड, काढून मीटर लावला, तर भरभरून १२.६ व्होल्ट. आधीच्या गॅरेजमध्येही इथपर्यंत कोणीतरी आलं असणार, आणि आकडा बघून वायरिंगला क्लीन चिट दिली असणार. कपलर काढला की वायरीतून करंटच वाहत नाही, आणि करंट नसेल तर सडलेली वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते. वायर जोडलेली आहे का ते सांगणाऱ्या मीटरच्या बजरवर विसंबणंही फोल. कित्येक मीटर ३० ओहमलाही खुशाल बीप देतात, आणि इथे अर्धा ओहमसुद्धा गाडी बंद पाडायला पुरतो.

कपलर परत बसवला, गाडी सुरू केली आणि मागच्या बाजूने बारीक पिना सरकवून चालू पंपावर मीटर धरला. बॅटरीवर १४ व्होल्ट, पंपावर १०.६. मधले ३.४ कुठे गेले ते बघायला मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं पंपाच्या प्लसवर ठेवलं: फ्यूज, रिले आणि सगळी लांब वायर मिळून ०.४. म्हणजे रिले बिचारा निर्दोष. मग पंपाच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजलं: तीन व्होल्ट! तिथे दोन दशांशापेक्षा जास्त दिसता कामा नये.

वायरीभोवती धरून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर पंप पाच अँपिअर घेत होता. तीन व्होल्ट गुणिले पाच अँपिअर, म्हणजे १५ वॉटची उष्णता त्या वायरीत कुठेतरी एका टिचभर जागी तयार होत होती. जागा तापली की रोध वाढतो, रोध वाढला की पंप मंदावतो. गाडी बंद पडली की जागा निवते आणि पंपाला पुन्हा जीव येतो. "तापल्यावर बंद, निवल्यावर चालू" हा खेळ जळत्या पंपासारखाच दिसतो, म्हणून भलेभले फसतात.

काळ्या वायरीचा माग काढत पुढच्या सीटशेजारी दाराच्या उंबऱ्यापर्यंत आलो. कार्पेट उचललं तर खाली ओल. अर्थचा बोल्ट गंजलेला, त्यावरचं रिंग टर्मिनल हिरवंगार, आणि वायरीच्या तारांपैकी चार-पाचच धड उरलेल्या. पाणी आलं कुठून? एसीचा ड्रेन पाइप कचऱ्याने तुंबला होता, आणि बाहेर पडायचं पाणी आत कार्पेटखाली मुरत होतं. गाडीत कुबट वास येतो, असं मालकांच्या घरच्यांचं म्हणणं होतंच.

वायर हिरवी पडलेल्या भागाच्या मागून कापली, त्याच जाडीचा नवा तुकडा सोल्डर करून हीट श्रिंक स्लीव्ह चढवली, टोकाला नवं टर्मिनल क्रिम्प केलं. बोल्टखालचा पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, बोल्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली. अर्थच्या वाटेत तीन व्होल्ट खाल्ले जात होते, तिथे आता उरले ०.०५.

दुसऱ्यांदा टाकलेला पंप आवाज करत होता, म्हणून पिशवीतला मूळ पंप परत घालायचं ठरलं. टाकी उघडताना मी घाई करू देत नाही. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू दिलं, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. मग बॅटरीची मायनस काढली, सगळी दारं उघडली, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी घेतला. हाताखालचा पोरगा हातोडी आणि लोखंडी छिन्नी घेऊन आला, त्याला परत पाठवून पितळेचा पंच आणवला. पंप टाकीत धरून ठेवणारी लॉक रिंग पितळेच्या पंचनेच ठोकून फिरवायची, ठिणगी नको. जुनी ओरिंग (झाकणाखालची रबरी रिंग) पेट्रोलने फुगते, ती परत नीट बसत नाही, म्हणून नवीन घातली.

गेजवर साडेतीन बार. एसी लावून गाडी भरपूर फिरवली, दोनदा चढ घेतला, काटा हलला नाही. पेट्रोलचा काटाही आता एकाच जागी राहत होता.

बिलात रिंग टर्मिनल, हातभर वायर, ओरिंग, ड्रेन पाइपची सफाई आणि मजुरी, एवढंच होतं. मालकांनी ते वाचलं आणि कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली.