अंड्यावर आलेल्या कोंबडीचं वय कसं ताडलं

ओळखीच्या एका कुटुंबाने घर बदलताना आपल्या सगळ्या कोंबड्या माझ्याकडे सोपवल्या. वय विचारलं तर "काही जुन्या, काही नव्या" एवढंच उत्तर मिळालं. अंड्यांची आशा कुणाकडून धरायची आणि नवी पिल्लं कधी आणायची हे वयावरच ठरणार, म्हणून एकेक कोंबडी हातात घेऊन पाहायचं ठरवलं.

हे काम रात्रीच करावं. अंधारात कोंबड्या दांडीवर गप्प बसतात, उचलल्या तरी फारशी फडफड करत नाहीत. दिवसा त्यांच्यामागे पळायची हौस असेल त्याने खुशाल पळावं.

तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, लगेच वेगळ्या काढता आल्या. तुरा लहान आणि फिकट, पायांचे खवले गुळगुळीत. छातीच्या हाडाचं मागचं टोक बोटाने दाबलं की किंचित लवायचं. कोवळ्या वयात ते कूर्चेचं असतं, पुढे कडक होतं. शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये जेमतेम एक बोट मावत होतं. अंड्यासाठीच्या जाती साधारण 18 ते 22 आठवड्यांत अंड्यावर येतात, म्हणजे या त्याच्या अलीकडच्या.

खरी डोकेदुखी बाकीच्यांची. कारण मोठ्या कोंबडीच्या अंगावरच्या बहुतेक खुणा वय सांगतच नाहीत, अंडी चालू आहेत की बंद एवढंच सांगतात. लालभडक तुरा आणि शेपटीखालची एकमेकांपासून दूर सरकलेली हाडं वर्षाच्या कोंबडीत दिसतात तशी तीन वर्षांच्या कोंबडीतही. पिवळ्या कातडीच्या जातीत अंडी सुरू झाली की पिवळेपणा आधी गुदद्वाराभोवतीचा जातो, मग डोळ्यांच्या कडांचा, चोचीचा, सर्वांत शेवटी पायांचा. अंडी थांबली की त्याच क्रमाने परत येतो. तेव्हा पांढुरक्या पायांची कोंबडी म्हातारीच असते असं नाही, बरेच महिने अंडी देत आलेली असते. एकीचा तुरा आक्रसलेला आणि मान उघडी पडलेली. कुणीही तिला आजीबाई म्हटलं असतं. पण मानेवर नव्या पिसांचे कोंब होते. मोठी पिसगळ पहिल्यांदा बहुधा दीड वर्षाच्या आसपास होते, म्हणजे ती निदान वर्षाच्या पुढची, एवढंच पक्कं.

मग पाय पाहिले. वयाबरोबर खवले जाड आणि खरबरीत होतात. पण दोघींच्या खवल्यांखाली पांढरी पापुद्र्यासारखी खपली होती. तिथे बारीक किडे शिरले की तरुण कोंबडीचे पायही जुनाट दिसतात. त्या दोघींच्या पायांना पेट्रोलियम जेली चोपडली आणि त्यांचा निकाल राखून ठेवला.

कोंबड्याचं सोपं होतं. त्याच्या पायामागचा काटा लांब, टोकदार आणि वर वळलेला होता. वर्षाच्या आतल्या कोंबड्याला तिथे आखूड, बोथट उंचवटाच असतो. किती वर्षांचा ते मात्र काट्यावरून मोजता येत नाही, जातीप्रमाणे आणि झिजेप्रमाणे तो बदलतो. काही म्हाताऱ्या माद्यांनाही काटा येतो.

उरलेलं अंड्यांनी सांगितलं. संशयितांना आळीपाळीने वेगळं ठेवलं. मोठी अंडी, पण खाडे जास्त आणि कवच पातळ, अशा ज्या निघाल्या त्या जुन्यांत धरल्या. वहीत शेवटी तीनच रकाने झाले: वर्षाच्या आतल्या, एक ते दोन, आणि दोनच्या पुढच्या. खपलीवाल्या दोघींपैकी एकीचे पाय आता गुळगुळीत दिसतात, तिला मधल्या रकान्यात घेतलं. दुसरीपुढे अजून प्रश्नचिन्ह आहे.