तुम्ही विचारलंत म्हणून: फुलांच्या दुकानात आधी काय शिकायचं?

"नुकताच फुलांच्या दुकानात लागलोय. बुके बांधायला कधी येईल?" कोल्हापुरात महाद्वार रोडवर हारवाल्याच्या हाताखाली लागलेला पोरगा हे विचारतो, राजारामपुरीतल्या बुकेवाल्याकडे लागलेली मुलगीही विचारते. बांधणं हळूहळू येतंच. पण आधी बादली शिका, म्हणजे फुलं पाण्यात नीट ठेवायला. मान टाकलेला गुलाब कितीही छान बांधला तरी गिऱ्हाईक परत येत नाही.

सकाळी माल उतरला की बंच मोजा: डच गुलाब वीसचा, जरबेरा दहाचा. वाटेत दांड्याच्या तोंडाशी हवा शिरलेली असते आणि तिच्यामुळे पाणी वर चढत नाही. म्हणून खालून इंचभर दांडा धारदार चाकूनं तिरका कापायचा, जमलं तर पाण्याखालीच. बोथट कात्रीनं दांडा चेचतो आणि त्यातल्या नळ्या मिटतात. पाण्याखाली जाणारं प्रत्येक पान काढायचं, कारण ते कुजतं, पाण्यात जंतू वाढतात आणि दांडा तुंबतो. दुसऱ्या दिवशी गुलाब मान टाकतो, तेव्हा सगळे बाजाराला नावं ठेवतात. दोष बहुतेक वेळा न घासलेल्या बादलीचा असतो. ती रोज साबणानं घासा, थोड्या ब्लीचच्या पाण्यानं विसळा.

गुलाबाला अर्धी बादली पाणी लागतं, जरबेऱ्याला चार बोटं पुरे. त्याचा दांडा मऊ आणि लवदार, खोल पाण्यात लगेच सडतो. शिवाय जरबेरा उभाच ठेवायचा. आडवा पाणी प्यायला तर वाकलेली मान तशीच राहते. कापल्यावर तीन-चार तास सावलीत पाणी पिऊ द्या आणि मगच बांधायला घ्या. घाईत हेच पहिलं वगळलं जातं. फुलांशेजारी आंब्याची पेटी किंवा केळी ठेवू नका, पिकत्या फळांच्या वायूनं कार्नेशन लवकर मिटतं.

सुट्या फुलांचं गणित उलटं आहे. अंबाबाईला वाहायचा झेंडू, शेवंती वजनावर येते. ती भिजवून टोपलीत दाबून ठेवली की आतून तापते आणि काळी पडते. पसरून ठेवा, वर फक्त ओलसर फडकं टाका. नवरात्रात ढीग मोठा असतो, म्हणून तेव्हा तर जास्तच जपा.

आता हातातला बुके. पहिला गुलाब डाव्या हातात सरळ धरा, दुसरा त्यावर तिरका ठेवा आणि पुढचा प्रत्येक दांडा त्याच दिशेला तिरका ठेवत जा. दोन-तीन दांडे झाले की जुडी थोडी फिरवायची. पकड फुलांच्या खाली साधारण वीतभर आणि सैल ठेवा. एक जरी दांडा उलटा गेला तरी तिथं दांडे अडतात, जुडी बसत नाही आणि आवळताना गुलाब मोडतो. कामिनीचा पाला मध्ये मध्ये घालायचा, सगळा शेवटी भोवती खुपसायचा नाही. बांधून दांडे एका लांबीचे कापले की चांगला बुके टेबलावर स्वतःच्या पायावर उभा राहतो.

ओॲसिस, म्हणजे तो हिरवा स्पंज, पाण्यावर नुसता सोडा. हातानं दाबू नका. दाबला की आत हवा अडकते आणि तिथला दांडा कोरडा राहतो. स्पंज आपला आपण भिजून बुडतो. खोचलेला दांडा उपसून त्याच भोकात परत घालू नका, आणि एकदा वाळलेला स्पंज पुन्हा वापरू नका, तो नीट भिजत नाही.

पावसाळ्यात कोल्हापूरची हवा दमट असते. तेव्हा गुलाबावर पाण्याचा फवारा मारू नका, पाकळ्यांवर तपकिरी डाग पडतात. बाहेरच्या एक-दोन खराब पाकळ्या काढा, जास्त नको, नाहीतर फूल सैल पडतं. सरावाला नवी फुलं मागू नका. मालकांकडून कालचा उरलेला माल घ्या, त्याच्याच जुड्या बांधा, सोडा, परत बांधा.